चार बादल्या बार्ली

ग्लासगो
५ ऑक्टोबर १९५८

प्रिय निनियन,

काल डॉक्टरांनी माझ्या मांडीचा नवा फोटो उजेडात धरून बघितला आणि नववर्षापर्यंत घरी जायचं नाव काढू नका म्हणून सांगितलं. हाड सरळ जुळतंय. पण शेतावर पाठवलं की मी पुन्हा गोठ्याच्या माळ्यावर चढणार, असं त्यांना कुणीतरी सांगून ठेवलंय. कुणी ते मला ठाऊक आहे. आमच्या एल्स्पेथनंच मला इथं माझ्या बहिणीच्या ताब्यात दिलंय. ग्रिझेलचं घर तिसऱ्या मजल्यावर. कुबड्या घेऊन जिना उतरता येत नाही, म्हणजे पहारेकरी ठेवायचीही गरज नाही.

गाईंची काळजी नाही, गडी चांगला आहे. काळजी आहे ती तळ्याची. एल्स्पेथला त्यातलं काही कळत नाही. बारा वर्षांत ती तिकडे फिरकलेली नाही. तू आता बोटीवरची नोकरी सोडून कायमचा परत आलायस, मावशी-काकांच्या घरात एकटा राहतोस आणि दिवसभर खिडकीतून समुद्र बघत बसतोस, असं तिनं लिहिलंय. तेव्हा हे काम तुझं.

नीट वाच. मळणीनंतर चाळणीखाली उरलेली हलकी बार्ली खळ्यातल्या पिंपात आहे. रोज एक बादली, जास्त नाही. दिवस मावळायच्या तासभर आधी. टाकायची ती उथळ टोकाला, जिथं पाणी घोट्याच्या वर येत नाही तिथंच. आपलं रानबदक बुडी मारत नाही, शेपूट वर करून मान खाली घालतं. मान पोचली नाही तर दाणा तळाशी कुजतो आणि पाण्याला घाण सुटते. एक दिवस चुकवलास तर ती दुसरीकडे जेवतील, आणि दुसरीकडे म्हणजे ड्रायननच्या तळ्यावर. त्या माणसाला हसताना बघायची माझी तयारी नाही. जास्त घातलंस तर भर दिवसा येऊन पोट भरतील आणि संध्याकाळी ढुंकून बघणार नाहीत. त्यांना थोडं भुकेलंच ठेवायचं असतं.

बंदूक तीन आठवड्यांतून एकदाच. आणि बदकं उतरत असतानाच उठायचं आणि घरी चालू लागायचं. हेच लोकांना जमत नाही.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी कर्नल गूर्ले आणि मंडळी माझ्याकडे शिकारीला येतात. या भागात दुसऱ्या कुणाच्या तळ्यावर कर्नल पाय ठेवत नाहीत, हे ध्यानात असू दे. ते तळं मी माझ्या हातानं खणलंय.

तुझा,
क्विंटिन


ड्रमवेल
१४ ऑक्टोबर

प्रिय क्विंटिन,

तुझं पत्र मी कप्तानाच्या हुकमासारखं उभं राहून वाचलं. नंतर बसून पुन्हा वाचलं, कारण बदक कुठल्या टोकानं जेवतं हे तीस वर्षं इंजिनखोलीत काढलेल्या माणसाला एका वाचनात कळत नाही.

पहिल्या संध्याकाळी कुणी आलं नाही. म्हणजे एक पाणकोंबडी आली आणि तिनं सगळी बार्ली आपल्यासाठीच आहे असं धरून चालवलं. दुसऱ्या दिवशी चार आली. तिसऱ्या दिवशी मी मोजायचं सोडलं. आता अंधार पडता पडता ती ओहोळाकडून येतात, वर दोन घिरट्या घालतात, आणि मग पंख आखडून अशी खाली सुटतात की कुणीतरी जिन्यावरून कपाटं ढकलून देतंय असं वाटावं. तू मला हे आधी कधी का दाखवलं नाहीस? मी सुट्टीवर यायचो तेव्हा तू मला गाई दाखवायचास.

एक छोटी सुधारणा केली आहे. पश्चिमेच्या बाजूचे लव्हाळे थोडे कापले, त्यांना उतरायला वाट मोकळी हवी असं मला वाटलं. त्याचा परिणाम म्हण किंवा नशीब म्हण, परवापासून टीलही येताहेत. ती लहान बदकं रे, कबुतराएवढी, भिरभिरत येणारी. एल्स्पेथ म्हणते ती येण्याआधी शीळ ऐकू येते. मला ऐकू येत नाही, माझे कान इंजिनानं खाल्लेत. ती सांगते तेव्हा मी वर बघतो.

तुझी कुत्री मॉस माझ्या पायाशी बसून हे लिहू देत नाहीये. एल्स्पेथनं दिलेलं सूप तिला जास्त आवडलं की मला, यावर आमचा वाद चालू आहे.

लवकर बरा हो, पण घाई करू नकोस.

तुझा,
निनियन


ग्लासगो
१८ ऑक्टोबर

प्रिय निनियन,

लव्हाळे कापायला तुला कुणी सांगितलं? पश्चिमेचा वारा अडवायला मी ते मुद्दाम वाढवले होते. त्यांना पुन्हा उंच व्हायला दोन वर्षं लागतील. यापुढे विचारल्याशिवाय काही करू नकोस.

टील माझ्या तळ्यावर येत नाहीत. बारा वर्षांत दोनदा आली, दोन्ही वेळा चुकून. तू जे बघितलंस ते बहुधा उशिरा उडणारे टिटवे असतील.

एल्स्पेथ तळ्यावर कशी काय? संध्याकाळी तिला दूध काढायचं असतं, कोंबड्या कोंडायच्या असतात. तिच्या छातीला गारठा बाधतो हे तुला माहीत नसेल, तू तिथं नव्हतास. मला लिहिलेल्या पत्रात तिनं तळ्याचा शब्दही काढलेला नाही. सायलेजचा चारा, पाद्रीबाईंचा खोकला, गोठ्याचं छप्पर, एवढंच आहे. ग्रिझेलनं ते पत्र मोठ्यानं वाचलं आणि म्हणाली, तुझ्या बायकोचं बरं चाललेलं दिसतंय. मी म्हटलं, बरं चाललंय याचा अर्थ काय. ती म्हणाली, अर्थ बरं चाललंय.

मॉसला सूप देऊ नका. शिकारी कुत्री आहे ती, घरात शिरली की नाक मरतं.

तू विनोद छान करतोस. पूर्वीही करायचास. एकतीस सालच्या सुगीच्या नाचाला एल्स्पेथ तुझ्याबरोबर आली होती ती त्या विनोदांवर हसतच आली होती, मला आठवतंय. पण गेली माझ्याबरोबर.

क्विंटिन


ड्रमवेल
२७ ऑक्टोबर

प्रिय क्विंटिन,

लव्हाळ्यांबद्दल माफ कर. यापुढे एक काडीही हलवणार नाही.

एल्स्पेथचं म्हणशील तर दोष माझ्या पाठीचा. भरलेली बादली उचलून कुंपण ओलांडणं मला जमत नाही. एका संध्याकाळी ती अंगणात होती, मी म्हटलं, येतेस का, जड आहे. ती आली. बार्ली टाकून झाल्यावर मी दगडी भिंतीमागे बसलो, तीही बसली. तेव्हापासून येते. दूध ती त्याआधी उरकते. गडी म्हणतो, बाईसाहेब हल्ली घड्याळाकडे बघत दूध काढतात. आणि ते टिटवे नव्हते, टीलच होती. शनिवारी दोन मारली, चोच आणि पंखावरचा हिरवा डाग मी पुस्तकाशी ताडून बघितला.

हो, शनिवारी पहिल्यांदा बंदूक चालवली. तुझ्या शब्दाबाहेर गेलो नाही. चौदा पडली आणि आकाश अजून भरलेलं होतं तेव्हा मी उठलो. खरं सांगायचं तर एल्स्पेथनंच उठवलं. म्हणाली, ‘क्विंटिन आत्ता उठला असता.’ मी म्हटलं, अजून एकच. ती म्हणाली, ‘अजून एकच म्हणणाऱ्यांना तो पुन्हा बोलावत नाही.’ तुझी सगळी शिस्त तिला पाठ आहे. जेवणाच्या टेबलावर बारा वर्षं ऐकलीय म्हणे.

काल कर्नल गूर्ले घोड्यावरून जाताना थांबले. भिंतीपाशी उभे राहून त्यांनी सगळा थवा उतरताना बघितला आणि म्हणाले, ‘मॅक्लिमंट, हे तळं मी इतक्या वर्षांत असं बघितलं नाही. काय करता तुम्ही?’ मी म्हटलं, मी काही करत नाही, क्विंटिन हॅने सांगतो ते करतो. तुझं कौतुक म्हणून हे लिहितोय, तसंच घे.

डिसेंबरचा शनिवार जोरात होणार. एल्स्पेथनं हरणाचा पाय कुणाकडून आणायचा हेही ठरवलंय.

तुझा,
निनियन


ग्लासगो
२ नोव्हेंबर

प्रिय निनियन,

कर्नल बोलले ते कळलं. ते चांगले गृहस्थ आहेत, समोरच्याला बरं वाटावं म्हणून बोलतात.

तुझ्या उत्साहामुळे मला थोडं अधिक मनापासून सांगावंसं वाटतं. आत्तापर्यंत मी तुला नवशिक्याला सांगतात तेवढंच सांगितलं होतं. मोठा थवा जमला की हिशेब बदलतो. एवढ्या तोंडांना एक बादली म्हणजे चेष्टा. उद्यापासून चार टाक. आणि उथळ टोकाला नको, तिथली माती आता तुडवून चिखल झाली असेल. आल्डरच्या झाडाखाली जिथं पाणी खोल आहे तिथं टाक, म्हणजे दाणा स्वच्छ राहील आणि कावळे नेणार नाहीत.

दुसरं, एवढी बदकं एका जागी निवांत बसू दिली तर ती सुस्तावतात आणि शिकारीच्या दिवशी उडत नाहीत. त्यांना जागं ठेवायला हवं. नोव्हेंबरात दर शनिवारी बंदूक चालव, आणि अंधार गच्च होईपर्यंत बस. डिसेंबरात मग बघ.

बादल्या चार झाल्या म्हणजे गड्यालाच बरोबर ने. एल्स्पेथला त्रास देऊ नकोस.

तुझा,
क्विंटिन

ता. क. हे अनुभवाचं ज्ञान आहे. एल्स्पेथला टेबलावर ऐकून जे पाठ झालंय ते वेगळं.


ड्रमवेल
२४ नोव्हेंबर

प्रिय क्विंटिन,

तीन आठवडे लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काय होणार ते बघायचं होतं.

तू सांगितलंस तसं केलं. चार बादल्या, आल्डरखाली, खोल पाण्यात. पहिल्या शनिवारी बंदूक चालवली, गच्च अंधार होईपर्यंत बसलो. पुष्कळ पडली. दुसऱ्या शनिवारी तीन आली, तीही उंचावरून बघून गेली. परवाच्या शनिवारी मी आणि मॉस अंधारात बसून होतो आणि आमच्या डोक्यावरून एक घुबड गेलं. मॉसनं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं तशी नजर मी फक्त बुडत्या जहाजाच्या मालकाच्या डोळ्यांत बघितली होती.

पाण्याला वास येतोय. आल्डरखाली बुडबुडे उठतात. दोन हंस आलेत, त्यांची मान पोचते तेवढं खातात आणि दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. टील पहिल्या आठवड्यातच गेली. संध्याकाळी कान नसलेल्या मलाही ऐकू येतं, सगळा थवा आमच्यावरून सरळ ड्रायननकडे जातो. काल तो रस्त्यात भेटला. हसला नाही. टोपी काढून म्हणाला, ‘क्विंटिनला सांगा, त्याची पोरं माझ्याकडे सुखरूप आहेत.’

कर्नल आणि मंडळींना काय कळवू? शनिवारला दोन आठवडेही उरले नाहीत.

तुझं तळं, तुझा शब्द.

निनियन


ग्लासगो
२७ नोव्हेंबर

प्रिय निनियन,

वाचून वाईट वाटलं. पण मनाला लावून घेऊ नकोस. तळं म्हणजे इंजिन नव्हे, तेल घातलं आणि चाललं. त्याला एक हात लागतो, तो एकेकाचा असतो. तू तुझ्याकडून केलंस.

कर्नलना कळव की यंदा शिकार नाही. क्विंटिन हॅने परत आला की पुढच्या वर्षी होईल. ते समजतील. ड्रायननला काय हसायचं ते हसू दे, बदकं दाण्याच्या मागे जातात आणि दाणा माझ्याकडेही आहे.

तू आता थंडीत बाहेर पडण्याचं कारण नाही. एल्स्पेथही नाही. संध्याकाळी तिला चुलीपाशी बसून विणकाम करायला आवडतं, ते तिला परत करता येईल.

पाय उत्तम आहे. आज मी खिडकीपर्यंत एका कुबडीवर गेलो. ग्रिझेल म्हणाली, काय रे, आज स्वारी खूश दिसते. मी म्हटलं, हवा चांगली आहे. बाहेर धुकं होतं.

तुझा,
क्विंटिन


ड्रमवेल
१ डिसेंबर

क्विंटिन,

निनियन स्ट्रॅनरारला गेला. आयर्लंडच्या बोटीवर इंजिनात जागा निघाली होती, ती त्यानं घेतली. मीच त्याला जा म्हटलं. तुझं सत्तावीस तारखेचं पत्र त्यानं मला वाचायला दिलं, म्हणून आता मी लिहिते. गोठ्याच्या छपराबद्दल पुढच्या पत्रात.

तुझं चार बादल्यांचं पत्र आलं तेव्हाही त्यानं ते मला दाखवलं होतं. मी एकदा वाचलं आणि म्हटलं, हे करू नकोस. बारा वर्षं तुझ्या तोंडून जे ऐकलं त्याच्या प्रत्येक शब्दाच्या उलट आहे हे. जिला बदकातलं काही कळत नाही त्या बाईलाही ते कळलं. निनियनलाही कळलं होतं. तो वेडा नाही, क्विंटिन. त्यानं पत्र घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, ‘तळं त्याचं आहे. त्याला ते माझ्या हातून रिकामं करून हवं असेल तर मी करून देतो. पडून पडून माणसाला काही तरी हवं असतं.’ मी त्याच्याशी भांडले. चार दिवस बोलले नाही. त्याला म्हटलं, तू त्याला मदत करत नाहीयेस, तू त्याला वाईट व्हायला मदत करतोयस. तो म्हणाला, ‘तो आधी झालाय, मी फक्त बादली उचलतोय.’

त्या तीन शनिवारांना मी गेले नाही. घरातूनच आवाज ऐकले.

तुला वाटलं मी निनियनबरोबर जाते. मी तळ्यावर जात होते.

सेहेचाळीस साली तू ते खणत होतास तेव्हा मी तुला चहा आणून द्यायचे, तुला आठवतं का ते मला माहीत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी विचारलं, मी येऊ का बघायला. तू म्हणालास, बायकांच्या फिकट कोटाला बदकं बुजतात. मी विगटाउनला जाऊन गडद कोट शिवून घेतला. तो कोट तू बघितलास, चांगला आहे म्हणालास, आणि बंदूक घेऊन एकटा गेलास. मी पुन्हा विचारलं नाही. हे माझंही चुकलं असेल. पण बारा वर्षं तू अंधारात घरी यायचास तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी असायचं, आणि ते तू दारात बूट काढतानाच बाहेर ठेवून यायचास. ते काय असतं ते बघायचं होतं मला. ते बघायला बोलावलं कुणी, तर पाठ दुखते म्हणून निनियननं.

कर्नलना मी स्वतः जाऊन सांगितलं. निनियनचं नाव लागू दिलं नाही, तुझंही नाही. म्हटलं, तळ्याला विश्रांती हवी आहे. ते म्हणाले, ‘मिसेस हॅने, शहाणपणाचं आहे.’

आता रोज एक बादली मी टाकते, उथळ टोकाला. आल्डरखालचा गाळ गड्यानं दोन दिवस दाताळ्यानं ओढून काढला, हंस मॉसनं पळवले. काल संध्याकाळी दोन आली. उतरली नाहीत, पण वळली.

या हंगामात या तळ्यावर बंदूक चालणार नाही. ती मी बाजूला ठेवलीय, कुठं ते विचारू नकोस.

नववर्षाला ग्रिझेलचा मुलगा तुला गाडीतून सोडेल. काठी घेऊन ये.

एल्स्पेथ


ड्रमवेल
११ जानेवारी १९५९

प्रिय निनियन,

तुझा बोटीवरचा पत्ता एल्स्पेथनं दिला. मागितला मी. आयरिश समुद्र या दिवसांत कसा असतो ते ऐकून आहे, तेव्हा तू बरा असशील असं नुसतं म्हणत नाही, तशी आशा करतो.

चार बादल्यांबद्दल तू काही लिहू नकोस. मीही लिहीत नाही.

घरी येऊन दहा दिवस झाले. काठीनं चालतो. पहिले दोन दिवस संध्याकाळी एल्स्पेथ कोट घालून बादली घेऊन निघायची आणि मी खिडकीत बसायचो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, मी येऊ का. ती थांबली. बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिली. म्हणाली, कुंपण ओलांडता येणार नाही तुला, फाटकातून फिरून ये. मी फिरून गेलो. मी पोचेपर्यंत बार्ली टाकून झाली होती. तिनं टाकली ती बघितली, बरोबर टाकते. मी टाकायचो त्यापेक्षा थोडी पसरून, आणि ते चांगलं आहे. तिला अजून तसं सांगितलेलं नाही.

बदकं येतात. चाळीसेक असतील. टीलही आहेत, तू म्हणालास ते खरं. लव्हाळे कापलेत तिथूनच उतरतात. मी बंदुकीशिवाय भिंतीमागे याआधी कधी बसलो नव्हतो. हात कुठं ठेवायचे कळत नाही.

आता मुद्द्याचं. आठ संध्याकाळी मी तिच्याशेजारी बसलोय आणि ती एक शब्द बोललेली नाही. घरात बोलते, दूध, छप्पर, पाद्रीबाई, सगळं. तिथं नाही. मी एकदा ओहोळातल्या गाळाबद्दल काही बोललो, तर तिनं मान हलवली. बस. तुझ्या पत्रांत किती गप्पा होत्या. तू विनोद केलेस असणार, ती हसली असणार. मी रोज परत येताना तोच विचार करतो, आणि भिंतीच्या दगडांचासुद्धा मला राग येतो, त्यांनी ऐकलंय म्हणून.

तेव्हा सरळ विचारतो. तुम्ही तिथं काय बोलायचात?

तुझा भाऊ,
क्विंटिन


स्ट्रॅनरार
१७ जानेवारी

प्रिय क्विंटिन,

तुझं पत्र वाचून मी इंजिनखोलीत एकटाच हसलो, मग हसायचं थांबलो.

आम्ही काही बोललो नाही रे. बदकांच्या तळ्यावर कुणी बोलतं का? शीळ आली की ती बोट वर करायची, मी बघायचो. ‘क्विंटिन आत्ता उठला असता’ हे त्या एका शनिवारचं बोलणं, बाकी महिनाभर नुसता वारा. गप्पा सगळ्या तुला पत्र लिहिताना झाल्या. तू एकटा पडलायस म्हणून मी त्या लिहायचो, आणि त्याचा तुला त्रास झाला हे मला फार उशिरा कळलं. सुगीच्या नाचालाही मी तोंड बंद ठेवलं असतं तर ती कदाचित माझ्याबरोबर परत आली असती. असो. ती ज्याच्याबरोबर गेली त्याच्याबरोबर जायला मी काही तिला ढकललं नव्हतं.

ती गप्प बसते म्हणजे रागावलेली नाही. रागावली की ती बोलते, मला चार दिवस आधी आणि चार दिवस नंतर भरपूर ऐकायला मिळालंय. मधले चार दिवस ती मुळीच बोलली नाही, आणि तेव्हासुद्धा सूप पाठवत होती.

एक गोष्ट मात्र सांगतो, कारण तू सरळ विचारलंस. पहिलं बदक वळून पंख आखडतं ना, त्या क्षणी ती शेजारच्याची बाही धरते. बघत नाही कुणाची आहे. अंधारात माणूस दाराची कडी चाचपतो तशी. बदक पाण्याला लागलं की सोडते. तिला ते माहीतही नसावं, मी कधी बोललो नाही, तूही बोलू नकोस. त्यापेक्षा जास्त काही नव्हतं आणि त्यापेक्षा कमी मी सांगणार नाही.

मार्चमध्ये सुट्टी आहे. येऊ की नको, ते तू लिही.

तुझा,
निनियन


ड्रमवेल
१ फेब्रुवारी

प्रिय निनियन,

काल शिकारीचा हंगाम संपला. ड्रायननच्या तळ्यावर शेवटच्या संध्याकाळी बरेच बार झाले. तिकडून घाबरलेली सगळी आपल्याकडे आली, पाणी दिसेना इतकी. कर्नल भिंतीपाशी येऊन उभे राहिले, बिनबंदुकीचे. जाताना त्यांनी टोपीला हात लावला तो एल्स्पेथकडे बघून. मी शेजारीच होतो. चालायचं.

बार्ली उन्हाळ्यापर्यंत पुरेल. मॉस घरातच झोपते, नाक शाबूत आहे.

मार्चमध्ये ये. या वेळी आमच्याकडेच उतर, खोली तयार ठेवायला एल्स्पेथला मी सांगितलंय. ती म्हणाली, तू सांगितलंस? मी म्हटलं, हो. संध्याकाळी ती माझ्यासाठी फाटकापाशी थांबली.

तू लिहिलंस ते मी तिला सांगितलं नाही. रोज बसतो. पहिलं बदक वळतं तेव्हा मी तिकडे बघतच नाही, बाहीकडे बघतो. दोन आठवडे झाले. तिचा हात मांडीवर असतो, तो थोडा उचलतो, आणि पुन्हा खाली जातो. मी तिच्या डाव्या अंगाला बसतो, कारण भिंतीला तिकडे टेकायला बरं आहे.

तुला त्रास देतो, पण एवढं एक कळव. तू तिच्या कुठल्या बाजूला बसायचास?

तुझा,
क्विंटिन